नकळत खाल्लेले मीठ

आपल्या भाषेत मिठाला मोठा मान आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण मुलाला अक्षरओळखीच्याही आधी मिळते. मीठभाकर खाऊन उलटणाऱ्यासाठी आपण फारसीतून 'नमकहराम' हा शब्द उसना आणला आणि घरच्यासारखा वापरला. उपकाराच्या ओझ्याने ज्याची मान वर होत नाही त्याला आपण 'मिंधा' म्हटले. या सगळ्या शब्दांच्या मागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आणि ती इतकी उघड आहे की तिचा उच्चार करण्याची गरज कुणाला वाटली नाही. खाणाऱ्याला मीठ कुणाचे आहे ते ठाऊक असते. वाढणारा समोर उभा असतो. म्हणूनच जागायचे की नाही हे ठरवता येते, आणि मनात आले तर भरल्या ताटावरून उठूनही जाता येते.

पण वाढणारा पडद्याआड असला तर? ताट कुणी पाठवले हे जेवणाऱ्याला कळू द्यायचे नाही, असा बेतच आधी ठरलेला असला तर? अशा मिठाचे काही देणे लागते काय? ते खाणारा मिंधा ठरतो की फसलेला? आणि त्याच्या हातून तेच अन्न ज्या शेकडो माणसांपर्यंत पोचले, त्यांचे काय?

हा प्रश्न हौसेने उकरून काढलेला नाही. विसाव्या शतकात मोठमोठ्या राष्ट्रांच्या हेरखात्यांनी लेखकांना, चित्रपटकारांना, मासिकांना आणि त्यांच्यामार्फत कोट्यवधी वाचक-प्रेक्षकांना असे मीठ वाढले. त्यातली पुष्कळशी कागदपत्रे आता खुली झाली आहेत. हकिगती म्हणून त्या चविष्ट आहेत. पण मला त्यांत रस आहे तो त्यांच्या पोटात असलेल्या नैतिक पेचामुळे.

युक्ती मात्र जुनीच आहे. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' उघडून पाहावे. (मुंबई विद्यापीठाने रा. प्र. कंगले यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केली, तिचे मोल जाणकार सांगतातच.) तापसाच्या वेषातले, व्यापाऱ्याच्या वेषातले, विद्यार्थ्याच्या वेषातले असे हेरांचे नाना प्रकार त्यात सांगितले आहेत. परंतु पहिल्याच अधिकरणात एक योजना आहे ती वाचून मी थक्क झालो. तीर्थाच्या ठिकाणी, सभेत, जिथे लोक जमतात तिथे दोन हेरांनी जावे आणि आपसात वाद घालावा. एकाने म्हणावे, हा राजा गुणी म्हणतात, पण दंड आणि कर यांनी प्रजेला पिळतो. लोक कान टवकारतील. मग दुसऱ्याने त्याला खोडून काढावे. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी स्थिती असताना लोकांनी मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला दिला, ती कथा सांगावी. राजा नसेल तर योगक्षेम कोण पाहणार, असे विचारावे.

इथे राजाची स्तुती करायला भाट पाठवलेला नाही. भाट राजाचा असतो हे लोकांना ठाऊक असते, आणि ते त्याच्या बोलण्यातून योग्य ती वजावट करून घेतात. कौटिल्याने पाठवला आहे वाद. म्हणजे मोकळ्या विचाराचे जे सर्वांत खात्रीचे लक्षण, तेच. टीकासुद्धा सरकारी आणि तिचे उत्तरही सरकारी. ऐकणारा मात्र घरी जाताना समजतो की आपण दोन्ही बाजू ऐकल्या आणि आपल्या बुद्धीने निर्णय केला. पुढे दोन हजार वर्षांनी जे घडले, ते या एका प्रकरणावरचे भाष्यच म्हणता येईल.

१९५० साली बर्लिनमध्ये काही लेखक-विचारवंत जमले आणि 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही संस्था निघाली. स्टालिनच्या राज्यात लेखकांची जी गळचेपी चालली होती तिच्याविरुद्ध आवाज उठवावा, हा तिचा उघड हेतू. लंडनहून १९५३ मध्ये तिने 'एन्काउंटर' हे मासिक सुरू केले. कवी स्टीफन स्पेंडर त्याचा एक संपादक. मासिक उत्तम होते. त्यात अमेरिकेवर टीकाही येई. पण संस्थेचा सूत्रधार मायकेल जॉसेल्सन हा अमेरिकेच्या सी.आय.ए. या हेरखात्याचा माणूस होता, आणि वरवर धर्मादाय दिसणाऱ्या निधींमधून येणारा पैसाही त्याच खात्याचा होता.

या संस्थेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. तिची भारतातली परिषद १९५१ च्या मार्चमध्ये भरली. ती दिल्लीला व्हायची होती. नेहरूंच्या सरकारला ते रुचले नाही, म्हणून ती मुंबईला झाली. मिनू मसानी तिच्या संयोजनात होते, आणि जयप्रकाश नारायण पुढे या जागतिक संस्थेच्या मानद अध्यक्षांपैकी एक झाले. १९५५ साली संस्थेच्या भारतीय शाखेने मुंबईहून 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक काढले. त्याचे पहिले संपादक निसीम एझिकेल, म्हणजे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली समाजातले कवी. भारतीयांनी भारतीयांसाठी लिहिलेले मासिक, हे त्यांचे धोरण होते, आणि ते त्यांनी पाळले. त्या पानांतून नव्या कवितेला, टीकेला, समाजचिंतनाला जी जागा मिळाली ती त्या काळात दुसरीकडे सहज मिळाली नसती. २०११ साली त्यातल्या निवडक लेखनाचा संग्रह निघाला. तो वाचणाऱ्याला हे लेखन कुणा परक्याने सांगून लिहवून घेतले आहे असा वास कुठेही येत नाही.

१९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी हा सगळा व्यवहार चव्हाट्यावर आणला. आपण फसवले गेलो असे म्हणून स्पेंडर 'एन्काउंटर' सोडून गेला. सी.आय.ए.चा एक माजी अधिकारी तर एका नियतकालिकात हे सारे आपण केले ते बरेच केले असे अभिमानाने लिहून मोकळा झाला. आपल्याकडे जयप्रकाशांनी जी भूमिका घेतली ती मला सर्वांत स्वच्छ वाटते. संस्था स्वतंत्रपणेच चालली होती, एवढे म्हणून भागणार नाही, असे त्यांनी म्हटले. त्या खात्याने जे केले ते स्वतःला उपयोगी वाटले म्हणूनच केले असणार.

हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. या प्रकरणात बचावाचा जो मुख्य मुद्दा मांडला जातो तो हाच, की लेखकांनी जे लिहिले ते त्यांच्या मनातलेच होते. पैसा कुठूनही आला असता तरी त्यांनी तेच लिहिले असते. मला हे संपूर्ण मान्य आहे. पण मळ्यात दारे धरणारा माणूस आठवावा. तो रोपाला कसे वाढायचे हे कधी सांगत नाही. तो फक्त फावड्याने माती ओढून एका वाफ्याचे तोंड उघडतो आणि दुसऱ्याचे बुजवतो. प्रत्येक रोप आपल्या धर्माप्रमाणेच वाढते. मळा मात्र दारे धरणाऱ्याच्या मनासारखा होतो. ज्या लेखकाला व्यासपीठ मिळाले तो स्वतंत्रच होता. पण त्याच्या शेजारचा, तितकाच प्रामाणिक, अमेरिकेविषयी अधिक कडवट बोलणारा लेखक कोरड्या वाफ्यात राहिला असेल तर ते वाचकाला कधी कळणार? आलेले लिखाण दिसते. न आलेल्या लिखाणाची अनुपस्थिती दिसत नाही.

कधी कधी मात्र खाते दारे धरून थांबत नाही, रोपालाही हात घालते. याचे सर्वांत बोलके उदाहरण जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चे आहे. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत वारला. पुढे या कादंबरीवर हलत्या चित्रांचा चित्रपट निघाला. निर्माता होता लुई द रॉशमाँ, चित्रे काढली लंडनच्या हलास आणि बॅचलर या पतिपत्नींच्या कंपनीने, आणि पैसा पुरवला सी.आय.ए.ने. १९५४ साली तो पडद्यावर आला. चित्रगृहांतून दाखवलेला ब्रिटनमधला हा अशा प्रकारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. कादंबरीचा शेवट वाचकांना आठवत असेल. माणसांना हाकलून राज्य करणारी डुकरे अखेर माणसांबरोबरच मेजवानीला बसतात. बाहेर खिडकीशी उभी असलेली इतर जनावरे आत पाहतात आणि त्यांना डुक्कर कोणते आणि माणूस कोणता हे ओळखू येत नाही. तिथे पुस्तक संपते. चित्रपटात तो प्रसंग फिरवला आहे. जनावरांना दिसतात ती डुकरेच, आणि ती पाहून जनावरे चवताळून उठतात, बंड करतात.

बदल तसा लहान आहे. पण त्याने पुस्तकाचा कणाच निघाला. ऑर्वेलचे म्हणणे होते की नवे मालक जुन्या मालकांसारखेच झाले. म्हणजे जुन्या मालकांनाही त्याने सोडले नव्हते. चित्रपटात जुने मालक अलगद बाजूला झाले, उरली फक्त डुकरे आणि त्यांच्याविरुद्ध उठावाचा सल्ला. शीतयुद्धात एका पक्षाला जेवढे हवे तेवढेच शिल्लक ठेवले. मौज अशी की, ज्याच्या दुसऱ्या एका कादंबरीत सरकारी नोकर जुने छापील मजकूर सोयीप्रमाणे बदलत बसलेले आहेत, त्याच लेखकाच्या पुस्तकाचा शेवट त्याच्या माघारी सोयीप्रमाणे बदलला गेला. ऑर्वेलला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचारविभागाला त्याने स्वतः १९४९ मध्ये संशयित लेखकांच्या नावांची यादी दिली होती. पण त्याने काय केले याची शिक्षा त्याच्या वाचकाला का? शाळकरी मुलांनी तो चित्रपट वर्षानुवर्षे पाहिला आणि ऑर्वेलचीच गोष्ट पाहिली असे मानले.

याच्या अगदी उलट उदाहरण बोरिस पास्तरनाकच्या 'डॉक्टर झिवागो'चे, आणि पेच खरा इथे घट्ट बसतो. सोव्हिएत रशियात ही कादंबरी छापू दिली नाही. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये ती इटालियन भाषांतरात निघाली. मूळ रशियन पुस्तक मात्र रशियन वाचकाला मिळेना. १९५८ मध्ये ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे व्हॅटिकनच्या दालनात सोव्हिएत प्रवाशांच्या हातांत निळ्या कापडी बांधणीची रशियन प्रत गुपचूप ठेवली जाऊ लागली. ती प्रत सी.आय.ए.ने छापवली होती. तिची कागदपत्रे २०१४ साली खुली झाली. लोकांनी बांधणी फाडून टाकली, पाने सुटी केली, खिशांत वाटून घेतली आणि मायदेशी नेली.

इथे एक शब्दही बदललेला नाही. उलट हुकूमशहाने कोंडलेला शब्द मोकळा झाला. कोण म्हणेल की हे वाईट झाले? मीही म्हणत नाही. त्या पानांसाठी कोटाच्या अस्तरात जागा करणाऱ्या त्या अनामिक प्रवाशाविषयी माझ्या मनात फक्त आदर आहे. पण पास्तरनाकला कुणी विचारले होते? पुस्तक त्याचे, जीव त्याचा, आणि डाव दुसऱ्याचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मायदेशात त्याच्यावर शिव्यांचा भडिमार झाला, लेखकसंघातून त्याला काढले, पारितोषिक त्याला नाकारावे लागले. पश्चिमेच्या हातातले हत्यार, असा आरोप त्याच्यावर करणारे लोक ढोंगी होते आणि जुलमी होते. पण कुणीतरी त्याच्या नकळत त्याच्या पुस्तकाचे हत्यार केले होते, हेही खोटे नव्हते. निरपराध माणसाविरुद्धच्या आरोपात असा खरेपणाचा कण मिसळून देणे, हा अन्यायच नाही काय?

कुणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचेच का सांगता? रशिया काय हात जोडून बसला होता? मुळीच नाही. तिकडे 'के.जी.बी.'ने १९६७ नंतर, युरी आंद्रोपोव्ह प्रमुख झाल्यावर, आपल्या हेरांची प्रतिमा उजळण्याचे काम मनावर घेतले. १९७३ साली दूरदर्शनवर आलेली 'सेव्हन्टीन मोमेंट्स ऑफ स्प्रिंग' ही बारा भागांची मालिका अतिशय लोकप्रिय झाली. हिटलरच्या गोटात शिरलेला श्टिर्लिट्स हा शांत, सुसंस्कृत सोव्हिएत हेर तिचा नायक. श्रेयनामावलीत सल्लागार म्हणून जे एक नाव होते ते टोपणनाव होते. खरा माणूस के.जी.बी.चा उपप्रमुख सेम्योन त्स्विगुन. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, 'द शील्ड अँड द स्वोर्ड' नावाचा हेरपट आला होता. तो पाहून भारावलेला लेनिनग्राडचा एक शाळकरी मुलगा पुढे १९७५ मध्ये के.जी.बी.त दाखल झाला. व्लादिमीर पुतिन यांनी आपल्या तरुणपणाविषयी बोलताना या चित्रपटाचा प्रभाव स्वतः सांगितला आहे. चित्रपटाने काय होते असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरेसे व्हावे.

अर्थात लोकही अगदी भोळे नसतात. त्याच श्टिर्लिट्सवर रशियन माणसांनी पुढे इतके विनोद रचले की त्यांचा एक वेगळा लोकवाङ्मयप्रकारच झाला. वरून आलेला नायक लोकांनी आपल्या ओट्यावर आणून बसवला आणि त्याची टोपी उडवली. ही गोष्ट मला धीर देणारी वाटते.

अमेरिकेतही हेरखात्याने स्वतःचे चित्र रंगवून घेण्याचा प्रकार झाला, तो एफ.बी.आय. या तपास आणि हेरगिरीच्या खात्याच्या बाबतीत. जे. एडगर हूव्हर या माणसाने ते खाते जवळजवळ अर्धे शतक चालवले. १९५९ चा 'द एफ.बी.आय. स्टोरी' हा चित्रपट त्याच्या देखरेखीखाली निघाला. १९६५ पासून १९७४ पर्यंत दर आठवड्याला त्या खात्याच्या नावाची मालिका घरोघर दिसे. कथानकांना खात्याची संमती लागे. पडद्यावरचा अधिकारी नीटनेटका, संयमी, कायद्याला धरून वागणारा. आणि पडद्यामागे? १९६४ मध्ये, म्हणजे मालिका सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, याच खात्यातून मार्टिन ल्यूथर किंग यांना एक निनावी पत्र गेले होते. त्यांच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवून मिळवलेली माहिती त्यामागे होती, आणि त्यातला सूर असा होता की तुम्ही आता स्वतःला संपवावे. १९७१ साली पेन्सिल्व्हेनियातल्या काही नागरिकांनी खात्याच्या एका कचेरीतून कागद पळवून वृत्तपत्रांना धाडले, आणि १९७५ मध्ये सिनेटच्या समितीने चौकशी केली, तेव्हा हे सारे बाहेर पडले. तोवर दहा वर्षे प्रेक्षकांनी काय पाहिले? कदाचित एकेक भाग घेतला तर त्यात खोटे म्हणून दाखवता येईल असे थोडेच सापडेल. खोटेपणा होता तो जे दाखवले नाही त्यात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप राजाश्रयाचा. कला केव्हा कुणाच्या आश्रयावाचून जगली? पेशवाईच्या अखेरीस पुण्यात लावणी बहरली ती दुसऱ्या बाजीरावाच्या आणि सरदारांच्या आश्रयाने. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांची नावे आजही आपण प्रेमाने घेतो. मग सी.आय.ए.च्या डॉलरनेच काय घोडे मारले? उत्तर सोपे आहे. बाजीरावाची बिदागी सगळ्या पुण्याच्या देखत मिळे. शाहिराने धन्याची वाखाणणी केली की ऐकणारा मनात म्हणे, बरोबर आहे, खातो त्याचे गातो. तो 'खातो त्याचे गातो' म्हणण्याचा हक्क, हेच श्रोत्याचे संरक्षण. गुप्त पैशाने पहिल्यांदा हिरावून घेतले जाते ते हेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सांगितलेली गोष्ट खरी होती ना? सोव्हिएत छळछावण्या खऱ्या होत्या. लेखकांचे खून आणि हद्दपाऱ्या खऱ्या होत्या. मग सत्याचा खर्च कुणी केला याची चौकशी कशाला? माझे म्हणणे असे, की सत्यासाठीच ती चौकशी करायला हवी. गुप्त पैशाने सत्याचे जे नुकसान झाले ते पैसा उघडकीस आल्यावर झाले. १९६७ नंतर त्या छावण्यांविषयी बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला 'हस्तक' म्हणून झटकून टाकणे सोपे झाले. आपल्याकडेही पाहा. १९७४-७५ च्या आंदोलनाच्या काळात 'परकी हात' हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या ओठांवर सतत असे, आणि त्याचा रोख फिरून फिरून जयप्रकाशांच्या दिशेने जाई. त्या माणसाच्या सचोटीविषयी त्याच्या विरोधकांनाही मनातून शंका नसावी. पण एका परक्या खात्याने कधीकाळी त्यांच्या नकळत त्यांच्या संस्थेला मीठ घातले होते. त्याची किंमत त्यांच्या नावाने वसूल करू पाहणारे लोक होतेच. खरे बोलणाऱ्याची साक्ष अशी बाटवली, की खोटे बोलणाऱ्याचे अर्धे काम फुकटात होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: शत्रू हे करतो, मग आपण का करू नये? रणांगणावर हा युक्तिवाद काही अंशी चालतही असेल. पण इथे लढाई कशासाठी होती? माणसाने स्वतःच्या बुद्धीने, कुणाच्या नकळत दाबाशिवाय, मत बनवावे यासाठी. त्या स्वातंत्र्याच्या रक्षणाकरिता त्याच माणसाला अंधारात ठेवून त्याचे मत घडवायचे, म्हणजे ज्या देवळाचे रक्षण करायचे त्यातलीच मूर्ती फोडायची. 'क्वेस्ट'च्या वाचकाला, मजकुराला, लेखकाला कुणी काही केले नसेल. पण 'हे मीठ मला नको' असे म्हणण्याची त्यांची संधी घेतली. मला वाटते, या साऱ्या व्यवहारातला मूळ अपराध एवढाच आहे, आणि तो लहान नाही. गरीब माणसाजवळही नकार हा असतोच. तो त्याच्या गाठीचा शेवटचा पैसा.

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. १९९६ पासून सी.आय.ए.ने चित्रपटवाल्यांशी बोलायला उघडपणे माणूस नेमला. गुप्त निधीची जागा सल्ल्याने घेतली. २०१२ सालच्या 'झीरो डार्क थर्टी' या चित्रपटाच्या वेळी पटकथाकाराने खात्याला कथानक ऐकवले. कैद्याच्या चौकशीत कुत्रा वापरण्याचा प्रसंग आणि आणखी काही प्रसंग खात्याच्या म्हणण्यावरून वगळले वा बदलले गेले, हे पुढे खुल्या झालेल्या टिपणांतून दिसले. बिन लादेनचा माग कैद्यांच्या छळातून लागला, असा ग्रह तो चित्रपट करून देतो. २०१४ च्या डिसेंबरात सिनेटच्या समितीने प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष याच्या उलट होता. अहवाल किती जणांनी वाचला असेल आणि चित्रपट किती जणांनी पाहिला असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. इथे पैसा दिला नाही, हुकूम सोडला नाही. दार किलकिले करून आत काय आहे ते दाखवले, आणि दाखवणाऱ्याचा मान ठेवावा लागला. हेही मीठच.

आपल्याकडे सेन्सॉर आहे. मला त्याचे प्रेम नाही. परंतु चित्रपट सुरू होण्यापूर्वी त्याचे प्रमाणपत्र पडद्यावर दिसते. कात्री कुणाच्या हातात आहे हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळते. ख्वाजा अहमद अब्बास त्या कात्रीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७० मध्ये तत्त्वाच्या मुद्द्यावर ते हरले. पण त्यांना भांडता आले. उघड सत्तेशी भांडता तरी येते. ज्याचे नावच माहीत नाही त्याच्याविरुद्ध अर्ज कुणाच्या नावाने करणार?

मग नकळत खाल्लेल्या मिठाचे देणे काय? देणाऱ्याचे काहीही नाही, असे मला निःशंकपणे वाटते. ज्याने आपले नाव लपवले त्याने कृतज्ञतेचा हक्क आपणच सोडला. ज्याला ठाऊक नव्हते तो लेखक मिंधाही नाही आणि अपराधीही नाही. पण ज्या दिवशी कळते त्या दिवसापासून त्याच्यावर एक ऋण चढते, आणि ते वाचकाचे असते. त्याने गप्प बसू नये. मी स्वतंत्रच होतो, एवढ्यावर बोळवण करू नये. हिशोब उघडा करावा. स्पेंडर उठून गेला, जयप्रकाश स्पष्ट बोलले, ते या ऋणाची जाण ठेवूनच. 'क्वेस्ट'ही पुढे चालले आणि १९७६ मध्ये, आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपच्या दिवसांत, बंद झाले. त्या अखेरीकडे पाहिले म्हणजे वाटते, की मीठ कुणाचेही असो, हाडे त्या माणसांची स्वतःची होती.

आणि वाचकाने काय करावे? हे सारे वाचून प्रत्येक पुस्तकामागे हेर आणि प्रत्येक चित्रपटामागे कट दिसू लागला, तर हेरखात्यांचा याहून मोठा विजय नाही. कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस हाकायला सर्वांत सोपा. शाळेत मुलांना गोष्ट सांगताना मला दिसते, की मुले सुरुवातीला 'पुढे काय झाले' एवढेच विचारतात. जरा मोठी झाली की एखादे मूल विचारते, 'पण हे कुणी पाहिलं? कुणी सांगितलं?' त्या प्रश्नाने गोष्टीची गोडी कमी होत नाही. ते मूल फक्त श्रोत्याचे वाचक होते. तो प्रश्न विचारायची सवय मोडू नये, एवढेच मागणे आहे.

आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घालण्याचा प्रघात पाडला. तुका, नामा, जनी, सेना, चोखा. जो बोलतो तो शेवटच्या चरणात समोर येऊन उभा राहतो. शाहिरांनीही लावणीच्या अखेरीस तेच केले. विद्वान त्याला नाममुद्रा म्हणतात आणि तिचा उपयोग कर्तृत्व ठरवण्यासाठी करतात. दुसऱ्याच्या नावावर खपवलेले अभंगही आहेत, हे खरे. लबाडी तेव्हाही होती. पण प्रघात काय होता ते पाहावे. एवढे मोठे बोलायचे, देवाला खडसवायचे, राजाला आणि ब्राह्मणाला सुनवायचे, तर बोलणाराने आपले नाव सांगितले पाहिजे, ही त्यामागची साधी सभ्यता. जो आपल्याशी बोलतो आहे त्याचे नाव विचारणे हा उद्धटपणा नाही. नाव सांगायला जो तयार नाही, त्याच्या पंक्तीला बसायचे की नाही, हे ठरवायला आपण मोकळे असले पाहिजे.